दाणा असू दे, कड हवी

विड्या वळणाऱ्या बाईचे हात कॅमेऱ्यात पकडायचे तर ती बसते तिथेच पकडावे लागतात. संगमनेरच्या जुन्या वस्त्यांत खोलीला खोली लागलेली, आणि उजेड यायला वाट एकच, दार. म्हणून बाई दाराच्या आत, भिंतीला पाठ लावून बसते. मांडीवर सूप. सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं, दोऱ्याचं रीळ, कात्री आणि पत्र्याचा फर्मा. फर्मा ठेवून पान कापायचं, चिमटीनं तंबाखू पसरायची, वळायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे, तोंड दुमडायचं, की पुढचं पान. मजुरी हजारावर. याच कामावर आईनं आम्हा भावंडांना वाढवलं, त्यामुळे ‘जरा हात थांबवा’ असं मी फोटोसाठी कुणाला सांगत नाही. हात थांबला की हजार पुरे व्हायला तेवढाच उशीर.

फ्लॅशही मी लावत नाही. दारातून आडवा येणारा उजेड पानाच्या शिरा उठवून दाखवतो. समोरून फ्लॅश पडला की त्या सपाट होतात, आणि बाई दचकते ते वेगळंच. मग उरते वेगवान फिल्म. ज्या उजेडात ४०० आयएसओच्या फिल्मला सेकंदाचा साठावा भाग पुरतो, तिथे ५० च्या फिल्मला आठवा भाग लागतो, आणि तेवढ्या वेळात विडी वळणारी बोटं कुठच्या कुठे गेलेली असतात.

इथवर कुणाचं दुमत नाही. मतभेद सुरू होतात ते ही फिल्म कशात धुवायची यावर. वेगवान फिल्मचा दाणा मोठा, तो डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती मऊ, बारीक दाणा देणाऱ्या डेव्हलपरमध्ये धुवावी, असं मला शिकवलं गेलं आणि बहुतेकांना तेच शिकवलं जातं. मी उलट करते. ४०० ची फिल्म मी रोडिनलमध्ये धुते. त्यात दाणा झाकला जात नाही, उघडा पडतो. नोकरीची सगळी वर्षं मी इथल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे ‘असं करा, छान येतं’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. आत काय घडतं ते कळल्याशिवाय बाटली उघडू नये, या मताची मी आहे.

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, स्फटिक विखुरलेले असतात. आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. प्रकाश पडला की स्फटिकावर चांदीच्या मोजक्या अणूंचा एक ठिपका तयार होतो. चार अणूंचा असला तरी पुरतो. डोळ्यांना तो दिसणं शक्यच नाही, पण डेव्हलपरला तो कळतो. ज्या स्फटिकावर ठिपका आहे, तो सबंध स्फटिक डेव्हलपर काळ्या चांदीत बदलून टाकतो. ज्यावर नाही, त्याला सोडून देतो. सोडलेले स्फटिक पुढे हायपो विरघळवून नेतो. कृष्णधवल फोटोची सगळी रसायनविद्या या निवडीत आहे.

आता मोठ्या स्फटिकावर प्रकाशाचे कण जास्त पडणार, हे उघड आहे. कमी उजेडातही त्यावर ठिपका उमटतो. म्हणून वेगवान फिल्ममध्ये स्फटिक मोठे ठेवावे लागतात, आणि मोठा स्फटिक म्हणजे चांदीचा मोठा दाणा. अशा फिल्मपैकी कोडॅकची ट्राय-एक्स ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये १९५४ साली आली, इलफर्डची एचपी५ १९७६ मध्ये आणि तिची सुधारलेली आवृत्ती एचपी५ प्लस १९८९ मध्ये. कोडॅकने १९८० च्या दशकात चपट्या स्फटिकांची टी-मॅक्स काढली. स्फटिक चपटा केला की त्याच चांदीत प्रकाश झेलायला जागा जास्त मिळते. युक्ती उत्तम आहे, पण मला एचपी५ चा जुन्या वळणाचा दाणा आवडतो, आणि धुताना वेळेत थोडंफार मागेपुढे झालं तर ती सांभाळून घेते.

डेव्हलपरची दोन घराणी आहेत असं समजा. पहिल्या घराण्याचा मुख्य पुरुष डी-७६. कोडॅकने तो १९२० च्या दशकात सिनेमाच्या फिल्मसाठी तयार केला आणि जगभरच्या डार्करूममध्ये तो आजही घरचा मानला जातो. लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट तब्बल १०० ग्रॅम. काम करणारी रसायनं मिळून ७ ग्रॅम आणि सल्फाइट त्याच्या चौदापट, हे प्रमाण नीट बघा. सल्फाइट डेव्हलपरला हवेपासून जपतं, त्यासाठी ते सगळ्यांतच असतं. पण एवढं घातलं की ते आणखी एक काम करतं: चांदीचे क्षार किंचित विरघळवतं. स्फटिकांच्या कडा झिजतात, विरघळलेली थोडी चांदी परत शेजारच्या दाण्यांवर बसते. दाणा बारीक आणि गुळगुळीत दिसतो. पण झीज दाण्यापुरती थांबत नाही. फोटोतल्या दोऱ्याची आणि पानाची कडही त्याच दाण्यांनी बनलेली असते, ती सुद्धा मऊ होते.

दुसऱ्या घराण्यात सल्फाइट बेताचं आणि पाणी भरपूर. यात सगळ्यात वडीलधारा रोडिनल. बर्लिनच्या आगफा कंपनीतल्या मोमे आंद्रेसेन या रसायनशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे आगफा हे नाव घराघरांत पोचलं ते बडोद्यात बनणाऱ्या क्लिक-३ या डबा कॅमेऱ्यामुळे, पण ती कंपनी मुळात रंग बनवणारी. कापड रंगवायच्या ॲनिलिन रंगांच्या रसायनशास्त्रातून पॅरा-ॲमिनोफिनॉल हाताशी आलं आणि त्यातून रोडिनल. घट्ट द्रावण बाटलीत वर्षानुवर्षं टिकतं. जुनं होत जातं तसं काळपट लाल होतं आणि तरी काम करतं. मूळ कंपनीचा फोटोचा धंदा २००५ मध्ये बुडाला, पण त्याच कुळीचा डेव्हलपर आजही वेगवेगळ्या नावांनी विकला जातो.

पॅरा-ॲमिनोफिनॉल या नावाला बिचकायचं कारण नाही. त्याचा सख्खा नातेवाईक प्रत्येकाच्या घरात आहे: तापाची पॅरासिटामॉलची गोळी. पॅरासिटामॉलला कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात ठेवलं की त्याचा ॲसिटिल गट सुटतो आणि मागे उरतं पॅरा-ॲमिनोफिनॉल. ५०० मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या कुटायच्या, सल्फाइटबरोबर पाण्यात घ्यायच्या, कॉस्टिक सोडा चिमटी चिमटीनं घालायचा आणि बाटली तीन दिवस झाकून ठेवायची. तळाशी गोळीतला पिठूळ साका बसतो, वरचं द्रावण रोडिनलचं काम करतं. एक सांगते आणि ते कळकळीनं सांगते: कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की पाणी तापतं, शिंतोडा डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे हवेतच, स्वयंपाकघरातलं भांडं वापरायचं नाही, आणि बाटलीवर ठळक अक्षरात ‘विष’ लिहायचं. घरात लहान मूल असेल तर हा खटाटोप करू नये, विकतची बाटली आणावी.

आता मुद्द्याची गोष्ट, कड. पांढऱ्या दोऱ्याचा वेढा काळपट पानावर बसलाय. निगेटिव्हमध्ये दोऱ्याच्या जागी भरपूर प्रकाश पडलेला, म्हणजे तिथे डेव्हलपरला काम भरपूर. पानाच्या जागी प्रकाश कमी, काम कमी. डेव्हलपर पाण्यानं पातळ केलेला असेल आणि फिल्म धुण्याची टाकी फार हलवली नाही, तर जिलेटिनच्या थरात ज्या जागी जेवढा डेव्हलपर शिरला तेवढ्यावरच तिथलं काम चालतं. एकीकडे लग्नघर आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं निवांत घर, असं समजा. लग्नघरातलं पीठ संपत आलं, शेजाऱ्याकडे डबा भरलेला. भिंतीवरून पीठ इकडे येतं आणि लग्नघरातला धूर तिकडे जातो. पीठ मिळतं ते भिंतीजवळच्या चुलीला, आणि धुराचा त्रास होतो तोही भिंतीजवळच्याच खोलीला.

फिल्ममध्ये हेच होतं. पानाच्या बाजूचा न वापरलेला डेव्हलपर दोऱ्याच्या काठाकडे सरकतो आणि दोऱ्याचा काठ मधल्या भागापेक्षा जास्त गडद धुतला जातो. उलट, दोऱ्याच्या जागी काम होताना ब्रोमाइड बाहेर पडतं. ते पानाच्या काठाकडे सरकतं आणि तिथलं धुणं रोखून धरतं. प्रिंट केल्यावर दोरा काठाशी किंचित जास्त उजळ आणि त्याला लागून पान किंचित जास्त काळं दिसतं. हे सगळं मिलिमीटरच्या छोट्याशा भागात. रेघ म्हणून ती सहसा दिसतही नाही, पण डोळ्याला ती जाणवते आणि आपण म्हणतो, ‘काय शार्प आलंय!’ १९५० च्या दशकात कोडॅकच्या प्रयोगशाळेत यावर मापं घेतली गेली. फिल्म किती बारीक रेघा वेगळ्या दाखवू शकते यावर फोटोची तीक्ष्णता पूर्णपणे ठरत नाही, कडेवर काळ्याचं पांढरं किती झटकन होतं यावर माणसाचा डोळा निवाडा देतो, असं त्यातून पुढे आलं. बारीक दाण्याची पण मऊ कडेची प्रिंट आणि जाड दाण्याची पण कडक कडेची प्रिंट शेजारी ठेवा. हातभर अंतरावरून दुसरीच शार्प वाटते.

मोबाइलनं का काढत नाही, असं मला विचारतात. त्याचंही उत्तर इथेच आहे. कमी उजेडात मोबाइलच्या फोटोत जो खडबडीतपणा येतो तो मोबाइलचं सॉफ्टवेअर आपणहून पुसतं. पुसताना पानाची शीर कोणती आणि खडबडीतपणा कोणता हे त्याला दर वेळी कळत नाही. आईच्या तळहातावर कात्रीच्या मुठीनं घट्टा पडला होता. तो घट्टा गुळगुळीत झालेला मला बघायचा नाही.

हे काम संगमनेरात करायचं म्हणजे पहिला प्रश्न पाण्याचा आणि दुसरा उन्हाचा. डेव्हलपरच्या पत्रकात सगळ्या वेळा २० अंश सेल्सियसच्या दिलेल्या असतात. इथे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. थंडीत मात्र, मार्गशीर्ष-पौषात, रात्रभर भरून ठेवलेल्या बादलीत सकाळी १८-१९ अंश सहज असतात, थोडं कोमट पाणी घातलं की झालं. उन्हाळ्यात मी माठ वापरते. आपल्या भागात चैत्र-वैशाखाची हवा कोरडी, त्यामुळे माठाच्या अंगावरून पाणी झपाट्यानं उडतं आणि आतलं पाणी २४ अंशांच्या आसपास उतरतं. तेच पाणी टबात घेऊन त्यात टाकी बुडवून ठेवायची आणि दर अंशामागे धुण्याचा वेळ साधारण दहाव्या हिश्श्यानं कमी करायचा. पावसाळ्यात हवा दमट झाली की माठ गार होत नाही, तेव्हा बर्फाचा तुकडा टबात टाकावा लागतो. टबात, डेव्हलपरमध्ये नाही. पाणी तीसच्या वर गेलं तर जिलेटिन फुगून मऊ पडतं, नखानंही ओरखडा उठतो, आणि गरम द्रावणातून एकदम गार पाण्यात नेलं की थराला बारीक सुरकुत्या पडतात. त्या कशानंही जात नाहीत.

बोअरचं पाणी क्षाराचं. त्यात डेव्हलपर घातला की पांढुरका गदळ धरतो आणि त्याचे कण फिल्मला चिकटतात. म्हणून डेव्हलपरसाठी आणि शेवटच्या धुण्यासाठी मी गॅरेजवर मिळणारं बॅटरीचं पाणी आणते. मधल्या धुण्याला नळाचं चालतं.

फिल्म टाकीत भरायची ती पूर्ण अंधारात. खिडकी नसलेलं न्हाणीघर, रात्रीची वेळ, दाराच्या फटीला सतरंजी. भारनियमनाच्या वर्षांत सगळी गल्लीच अंधारात असे, तेव्हा सतरंजीची गरजही पडत नसे. फिल्मच्या कडा बोटांनी चाचपत रिळाच्या खाचेत घालायच्या, पुढेमागे फिरवत सगळी आत घ्यायची, टाकीचं झाकण घट्ट लावायचं. मग दिवा लावायला हरकत नाही. टाकीच्या झाकणातून पाणी आत जातं, उजेड जात नाही.

एका ३५ मिलिमीटर रोलला माझ्या टाकीत ३०० मिलिलिटर द्रावण लागतं. त्यात ६ मिलिलिटर रोडिनल, म्हणजे एकास पन्नास. हे ६ मिलिलिटर औषधाच्या सिरिंजनं मोजायचं, डोळ्यांच्या अंदाजानं नाही. एचपी५ प्लससाठी २० अंशांना ११ मिनिटं. पहिलं अर्धं मिनिट टाकी सावकाश उलटी-सुलटी करायची, खाली ठेवताना ओट्यावर हलकेच आपटायची म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात. त्यानंतर दर मिनिटाला दोनदा उलटायची, बस. खूप हलवलं तर भिंतीवरून पीठ-धुराची देवाणघेवाण व्हायच्या आत सगळीकडे नवा डेव्हलपर पोचतो, कड तयारच होत नाही. वर दाणा आणि काँट्रास्ट वाढतो. नवशिके टाकी हलवत बसतात ते काळजीपोटी, पण रोडिनलला स्वस्थ सोडावं लागतं.

त्याच्या पलीकडे जाऊन काही जण एकास शंभर द्रावणात टाकी तासभर न हलवता ठेवतात. मला ते पटत नाही. ब्रोमाइड जड, ते खाली ओघळतं. ३५ मिलिमीटर फिल्मच्या भोकांपाशी त्याचे पट्टे उठतात. आकाशात किंवा चुन्याच्या भिंतीवर असा पट्टा आला की फोटो हातचा गेला. दर मिनिटाला दोनदा हलवण्यानं कड पुरेशी मिळते.

मग साध्या पाण्याची एक विसळ, हायपो आणि शेवटचं धुणं. वाहत्या पाण्याखाली अर्धा तास धुवा असं जुनी माणसं सांगत. पठार भागातल्या गावांना उन्हाळ्यात टँकरनं पाणी जातं त्या तालुक्यात अर्धा तास नळ सोडून ठेवणं माझ्याच्यानं होत नाही. इलफर्डची सांगितलेली रीत आहे: टाकी भरा, पाच वेळा उलटी करा, पाणी ओता, पुन्हा भरा, दहा वेळा, पुन्हा भरा, वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात फिल्म स्वच्छ होते. हायपो थर कडक करणाऱ्या, तुरटीच्या जातीचा नसला म्हणजे झालं.

हे सगळं करताना मला सरस्वतीबाई फाळके आठवतात. दादासाहेबांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेतला आणि दादरच्या राहत्या घरात ‘राजा हरिश्चंद्र’चं काम सुरू झालं. कच्ची फिल्म भोकं न पाडलेली येई. अंधारात बसून तिला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं ही कामं सरस्वतीबाई शिकल्या आणि करत गेल्या, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून. ३ मे १९१३ ला कोरोनेशन थिएटरात लोकांनी जे पाहिलं ते त्यांच्या हातून गेलेलं होतं. पुढे फाळके नाशिकला आले, म्हणजे आमच्यापासून दोन तासांवर. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे लाल दिव्याच्या उजेडात धुताना चित्र उमटताना बघता येई. आजच्या ४०० च्या फिल्मला सगळे रंग दिसतात, तिला लाल दिवाही चालत नाही. सरस्वतीबाईंना नजरेवर जे ठरवता येई ते मला थर्मामीटर आणि घड्याळावर सोपवावं लागतं. भारतीय सिनेमाचा इतिहास सांगताना त्यांच्या वाट्याला एखादं वाक्य येतं. अंधारात फिल्म हाताळून पाहिली की ते वाक्य किती अपुरं आहे ते कळतं.

तीक्ष्ण डेव्हलपरची किंमतही आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. रोडिनल सावल्यांना थोडा कंजूस आहे. डब्यावर ४०० लिहिलं असलं तरी त्यात धुतलेली एचपी५ सावलीत साधारण २५० चीच फिल्म ठरते. म्हणून मीटर २५० वर ठेवायचा आणि उजेड थोडा जास्त द्यायचा. ज्यांना रात्रीच्या जत्रेत, तमाशाच्या तंबूत ४०० ची फिल्म १६०० समजून वापरायची असेल, त्यांनी रोडिनलच्या वाटेला जाऊ नये. सावल्या कोऱ्या निघतात आणि दाणा वाळूएवढा होतो. तिथे इलफर्डचा मायक्रोफेन बरा, किंवा मुळात त्या उजेडासाठी बनवलेली डेल्टा ३२०० घ्यावी. मधला मार्गही आहे. इंग्लंडमधले जेफ्री क्रॉली, जे ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’चे संपादकही होते, यांनी आयुष्यभर असल्या सूत्रांवर काम केलं. त्यांच्या एफएक्स मालिकेतला एफएक्स-३९ कड देतो आणि दाणाही आवरून धरतो, विशेषतः चपट्या स्फटिकांच्या फिल्मचा. हाताशी पैसा आणि कुरिअर असेल त्यानं तो जरूर वापरून बघावा. प्रयोगशाळेत रसायनं मिळत असतील तर बॉयटलरचं सूत्र सोपं आहे: एका बाटलीत लिटरभर पाण्यात मेटॉल १० ग्रॅम आणि सल्फाइट ५० ग्रॅम, दुसरीत लिटरभर पाण्यात धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, ५० ग्रॅम. वापरताना एक भाग पहिला, एक भाग दुसरा, आठ भाग पाणी. तयार द्रावणात लिटरमागे सल्फाइट फक्त ५ ग्रॅम उरतं. डी-७६ च्या १०० शी ताडून बघा.

पातळ डेव्हलपरचा आणखी एक गुण आपल्या उन्हात कामाला येतो. हनुमान जयंतीला संगमनेरात रथ निघतो आणि तो ओढण्याचा मान बायकांचा. १९२९ मध्ये इंग्रज सरकारने मिरवणुकीला मनाई केली, तेव्हा बायका पुढे झाल्या आणि त्यांनी रथ ओढला, तेव्हापासूनची ही रीत. चैत्रातली सकाळ, चंद्रशेखर चौकातल्या गर्दीवर अर्धं ऊन अर्धी सावली, डोक्यावरच्या पदराखाली चेहरे काळोखात आणि पांढरी पातळं उन्हात झगझगीत. हा फरक कुठल्याही फिल्मला जड जातो. पातळ रोडिनलमध्ये उन्हातल्या पातळाच्या जागी डेव्हलपर लवकर थकतो आणि तिथलं धुणं मंदावतं, पदराखालच्या चेहऱ्याच्या जागी मात्र तो ताजा राहून काम करत राहतो. पातळाच्या निऱ्या जळून जात नाहीत आणि चेहराही दिसतो. टाकी कमी हलवण्याचा फायदा असा दोन्हीकडून मिळतो.

शेवटी प्रिंट. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटरची. ८ बाय १० इंचाच्या कागदावर नेली की ती आठपटीच्या वर मोठी होते, आणि रोडिनलचा दाणा भिंतीच्या करड्या भागात, गालावर, आकाशात स्पष्ट दिसतो. त्याचं मी समर्थनच करते. ती भिंत शेणा-मातीनं सारवलेली किंवा चुन्याचे पोपडे निघालेली आहे. गाल उन्हातान्हात राबलेला आहे. दाणा त्यांच्या अंगावर शोभतो. लहान बाळाचा किंवा नव्या नवरीचा फोटो मी असा धुणार नाही, तिथे डी-७६ च हवा. दाणा कमी करून कड तशीच हवी असेल तर डेव्हलपर न बदलता निगेटिव्ह मोठी घ्यावी. गावोगावच्या स्टुडिओंत जे याशिका-मॅट कॅमेरे धूळ खात पडले आहेत, त्यांत १२० चा रोल बसतो. सहा बाय सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हवर तोच दाणा प्रिंटमध्ये जवळजवळ निम्मा होतो.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे वर्षानुवर्षं काढलेले कृष्णधवल फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना माहीत आहे की जी माणसं अंधाऱ्या, कोंदट जागी काम करतात त्यांचं काम त्याच जागी, त्याच उजेडात दाखवावं लागतं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्याआधी कितीतरी वर्षं ते फोटो आपल्यासमोर होते. माझं काम एका गल्लीपुरतं आहे. प्रिंट सुकली की ती मी ज्यांची त्यांना नेऊन देते. एका मावशींनी आपली प्रिंट दारापाशी उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, ‘‘ह्यो दोरा मीच बांधला का गं?’’ मी हो म्हटलं. ‘‘मग येक येढा कमी पडलाय बघ ह्याला. ही इडी छाटणीत काढून टाकत्याल,’’ असं म्हणून त्यांनी सुनेला हाक मारली आणि प्रिंटमधला तो वेढा तिला बोटानं दाखवला. मी ती प्रिंट भिंगाखाली घालून पाहिली होती, मला काही तो दिसला नव्हता. डी-७६ मध्ये धुतली असती तर मावशींनाही दिसला नसता, हे मी खात्रीनं सांगते.

यंदाही दिवाळीनंतर पाणी गार झालं की काही मुलं-मुली शिकायला येतील. पहिला रोल विड्यांचा किंवा रथाचा नको, घरातल्या निवडायच्या धान्याचा, वाळत घातलेल्या गोधडीचा काढा, असं मी त्यांना सांगते. ज्वारीचे दाणे आणि गोधडीचे टाके यांत कड आली की नाही ते लगेच कळतं. अर्धा रोल डी-७६ मध्ये, अर्धा रोडिनलमध्ये धुवायचा, एकाच मापाच्या प्रिंट करायच्या आणि भिंतीवर शेजारी शेजारी लावायच्या. टाकी, हायपो, बॅटरीचं पाणी माझ्याकडे आहे. थर्मामीटर मात्र प्रत्येकानं आपला आणायचा, अर्ध्या अंशाच्या खुणा असलेला.